तिसऱ्यांदा 'नको'

हेगडालमध्ये कुणी खायला पुढे केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदाही 'नको'च म्हणायचं, फक्त आवाज जरा मऊ करायचा. तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणताय तर घेतो एक' असं म्हणून हात पुढे करायचा. पहिलं 'नको' म्हणजे नमस्कार, दुसरं म्हणजे 'काय, बरे आहात ना', आणि खरं उत्तर तिसरं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या भागात पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात. त्यामुळे तिसऱ्यांदाही 'नको' म्हणणारा गेलन ब्राटलँड हा गावाच्या इतिहासातला पहिलाच असावा. आणि म्हटलं कोणाला, तर सासूला. कशाला, तर तिच्या हातच्या लेफ्सेला. या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे. गेलनला मात्र ती आठवली की अजून हसू येत नाही.

सुरुवात झाली एका जाकिटापासून. गेलन काउंटीच्या कचेरीत खिडकीवर बसायचा. मासेमारीचे परवाने, गाड्यांच्या नंबरप्लेटा, बोटींची नोंदणी, असलं खातं. या खिडकीवर टाळ्या पडत नाहीत. त्याच्यासाठी टाळ्या पडल्या त्या आयुष्यात एकदाच, शाळेत असताना, हेगडालचा कुस्तीचा संघ राज्यात दुसरा आला तेव्हा. पहिला कोण आला हे गावाने तेव्हाच विसरून टाकलं. आता इतक्या वर्षांनी शाळेने कळवलं, की जानेवारी अखेरच्या सामन्याच्या वेळी जुन्या संघाचा सत्कार करायचा आहे. ज्यांच्याकडे तेव्हाची जाकिटं असतील त्यांनी ती घालून यावं.

गेलनकडे होतं. लोकरीचं अंग, चामड्याच्या बाह्या, छातीवर शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. बायकोने, रोंडाने, ते तळघरातून वर आणलं, झटकलं आणि त्याच्या अंगावर चढवलं. बाह्या गेल्या. पाठही कशीबशी गेली. पुढे मात्र जाकिटाची डावी बाजू आणि उजवी बाजू यांची भेट होईना. मधे गेलन होता.

रोंडाने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "वेगळं दिसतंय."

हेगडालमध्ये यापेक्षा कडक शब्द नाही. तिथे एखादी गोष्ट अतिशय उत्तम असली तर तिला 'वाईट नाही' म्हणतात, आणि पार वाया गेलेली असली तर 'वेगळी आहे' म्हणतात. गेलनने जाकिट काढलं, हँगरला लावलं आणि त्या रात्री मटार उरवले. रोंडाने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो समोरच्या हार्लनकडे गेला. हार्लन त्याच संघातला. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला जगातलं सगळं कळायला लागलं होतं. त्याचं स्वतःचं जाकिट कसरीने खाल्लं होतं, त्यामुळे तो सुटला होता. गोठलेल्या तळ्यावर त्याची मासे धरायची खोपटी होती. तिथे बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून दोघे बसले. हार्लनने सुरी काढून वाळवलेल्या सॉसेजचे काप करायला घेतले आणि व्याख्यान सुरू केलं.

"शरीर म्हणजे ही शेगडी बघ," तो कोपऱ्यातल्या लोखंडी शेगडीकडे सुरी रोखून म्हणाला. "तू तीनदा सरपण टाकतोस म्हणून ती आळशी झालीय. टाकणं बंद कर. आधी ती रक्तातली साखर जाळेल. मग यकृतात ठेवणीतली असते ती. ती संपली की आपोआप चरबीला हात घालेल. तुझ्याकडे तर, रागावू नकोस, तीन हिवाळ्यांचं सरपण रचून ठेवलेलं आहे."

"आणि चरबी संपल्यावर?"

"तिथवर कोण जातंय?" हार्लनने सॉसेजचा काप तोंडात टाकला. "आणि आपल्याला कोण शिकवणार उपाशी राहायला? शाळेत कुस्तीआधी वजन करायच्या आदल्या दिवशी काय करायचो आपण? कचऱ्याच्या पिशव्या गुंडाळून बॉयलरच्या खोलीत पळायचो, अंगातलं पाणी जावं म्हणून डब्यात थुंकत बसायचो. मेलो का?"

मेले नव्हते हे खरंच होतं. कुस्तीगिराला उपाशी राहायला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, असं गेलनलाही वाटलं. तेव्हा आपण सतरा वर्षांचे होतो, आणि वजन झाल्या झाल्या दोन्ही पाय पसरून अख्खा केक खायचो, ही गोष्ट दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. हार्लनने जे सांगितलं नाही ते गेलनला पुढे दवाखान्यात कळलं: ही शेगडी हुकमाची ताबेदार नसते. सरपण जाळता जाळता ती गुपचूप खुर्च्यांचे पायही आत ओढते.

ठरलं. आठवड्याचे बरेचसे दिवस काळी कॉफी आणि हाडं उकळलेलं पाणी, शनिवार-रविवार घासभर काहीतरी. कुणाला सांगायचं नाही. हेगडालमध्ये स्वतःच्या शरीराविषयी बोलणं ही बढाई समजली जाते. माणसाचा पाय मोडला तरी तो 'जरा आखडलाय' म्हणतो. त्यातून जाकिटासाठी उपास, हे तर सासूच्या, आर्डिसच्या, कानावर जाऊ देणं शक्यच नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या जावयाने छातीवरच्या अक्षरासाठी जेवण सोडावं, हे आर्डिसला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने रोंडाकडून तसं वचनच घेतलं.

पहिले काही दिवस डोकं दुखलं आणि स्वभाव बिघडला. बोटीच्या नोंदणीला आलेल्या एका सज्जन गृहस्थाला गेलनने चक्क "कागद पुरे नाहीत" असं तोंडावर सांगितलं. एरवी तो "कागद वाईट नाहीत, फक्त एखादा आणखी असता तर..." असं सांगायचा. मग डोकं थांबलं आणि थंडी सुरू झाली. भट्टी विझत चाललेल्या माणसाला मिनेसोटाची थंडी कशी लागते हे ज्याचं त्यालाच ठाऊक. तो खिडकीवर दोन कोट घालून बसायला लागला.

आणि नेमकी याच दिवसांत लेफ्सेची वेळ आली.

लेफ्से ही तशी बटाट्याची पोळीच. पातळ लाटायची, मोठ्या तव्यावर टाकायची, लांब पट्टीने उलटायची, वर लोणी आणि साखर पसरून गुंडाळी करायची. नॉर्वेहून आलेल्या आजी-पणज्यांनी ती आणली आणि तिथल्या घराघरात ती नाताळच्या सुमाराला होते. पण आर्डिसची गोष्ट निराळी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ही बाई नाताळापासून बर्फ वितळेपर्यंत लाटतच असायची. चर्चच्या जेवणाला तिची लेफ्से, कुणी गेलं तर त्यांच्याकडच्या कॉफीला तिची लेफ्से, कुणाला मूल झालं तरी तिचीच. उजेडाकडे धरली तर पलीकडची खिडकी दिसावी इतकी पातळ.

फक्त गेल्या वर्षभरात तिच्या जिभेची चव मंदावली होती. कॉफीच्या केकमध्ये तिच्याकडून मीठ दुप्पट पडलं होतं आणि गावाने तो केक हसतमुखाने संपवला होता. हे तिला कळलं तेव्हापासून ती धसकली होती. म्हणून यंदा पहिल्या लेफ्सेला फार महत्त्व होतं. मोसमाची पहिली लेफ्से लग्न झाल्यापासून जावयाची. रोंडा मुलगी, तिचं मत धरायचं नाही. गेलनने पहिली खायची आणि 'वाईट नाही' म्हणायचं, की आर्डिस लाटणं उचलून पुढच्या दोनशे करायला मोकळी.

गेलन स्वयंपाकघरात शिरला आणि तव्यावरच्या वासाने दाराशीच चौकट धरून थांबला. यकृतातली ठेव कधीच संपली होती. शरीराच्या कणाकणाने ओरडून सांगितलं, की जाकिटं-बिकिटं गेली खड्ड्यात.

"घे," आर्डिस म्हणाली.

"नको, आई. आत्ताच झालं."

इथवर सगळं रीतसर होतं. आर्डिसने लोणी लावलं.

"अरे, एकच."

"नको. खरंच."

आर्डिसने साखर भुरभुरवली, गुंडाळी केली, ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि स्वतः ओट्याला टेकून त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. "पहिली आहे, गेलन. तुझीच."

गेलनने ताटलीकडे पाहिलं. आणखी एक क्षण पाहिलं असतं तर त्याने ताटलीही खाल्ली असती. म्हणून त्याने तोंड फिरवलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "नको, आई. बाहेर बरंच गार आहे, नाही?"

 तव्यावरची एक जळाली.

"हो, गार आहे," आर्डिस म्हणाली. मग रिकाम्या हाती कुणाला जाऊ द्यायचं नाही म्हणून तिने तीन लेफ्से मेणकागदात बांधल्या आणि गेलनच्या कोटाच्या खिशात घातल्या. घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात ठेवायची गेलनची छाती झाली नाही. गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजरमध्ये, हरणाच्या मांसाच्या पुड्यांखाली त्याने त्या खोल गाडल्या. सत्कार झाला की खाऊ, असं मनाशी म्हणाला आणि विसरून गेला.

कारण तेव्हापासून त्याच्या उपासाला पाय फुटले. शरीर चरबी जाळायला लागलं की श्वासाला एक वास येतो, कुजक्या सफरचंदासारखा, थोडा नखांना लावायच्या रंगासारखा. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या लोकांना तो पहिल्यांदा आला. भर सकाळी, सरकारी कचेरीत, दोन कोट घातलेला, गाल बसलेला, हात थरथरणारा गेलन आणि हा वास. गावापुढे दोनच शक्यता होत्या: एक तर त्याला दारू लागली, नाही तर कॅन्सर झाला. ब्राटलँड घराणं किती सरळ, हे लक्षात घेऊन गावाने मोठ्या मनाने कॅन्सर ठरवला.

रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा नावं वाचली जातात. गेलन बाकावर डोळे मिटून, एका तळलेल्या अंड्याचं चिंतन करत बसला होता. तेवढ्यात वरून आवाज आला, "...आणि आपला गेलन." त्याने डोळे उघडले. सगळ्या मानवजातीने त्याच्याकडे करुणेने पाहिलं.

सोमवारी तो चर्चच्या कचेरीत गेला. तिथे शार्लीन बसते. पंचवीस वर्षांत तिने कुणाचं नाव चुकीचं घेतलेलं नाही आणि कुणाचं चुकून वगळलेलं नाही.

"शार्लीन, ते माझं नाव काढायचं होतं."

"अगदी काढू," शार्लीन प्रेमाने म्हणाली. "कारण?"

"मला काही झालेलं नाही."

"हो, हो." तिने डोळे टिपले. "सगळे असंच म्हणतात. हे बघ, गेलन, नाव दोनच कारणांनी निघतं. एक म्हणजे माणूस बरा होतो."

"मी बराच आहे ना."

"बरं व्हायला आधी आजारी असावं लागतं. ते तू मान्य करत नाहीस." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "आणि दुसरं कारण आपण आज बोलायला नको."

मी जाकिटासाठी उपाशी आहे, एवढं एक वाक्य बोलला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण शार्लीनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रडणाऱ्या बाईला तिचे अश्रू वाया गेले असं सांगणं हेगडालच्या माणसाच्या रक्तात नाही. "थँक्यू, शार्लीन," असं म्हणून तो बाहेर आला. आता आजारावर त्याची सहीच झाली.

त्या आठवड्यापासून हॉटडिशा यायला लागल्या. खिमा, मशरूमचं दाट सूप आणि वर कुरकुरीत बटाट्यांचे गोळे रचून भट्टीत भाजलेली ती भांडी, प्रत्येकाच्या बुडाला मालकिणीचं नाव चिकटवलेलं. ट्यूनावाली आली, कोंबडीवाली आली, जंगली तांदळाची आली. बायका दारात उभ्या राहून हळू आवाजात विचारायच्या, "कसा आहे?" रोंडा म्हणायची, "वाईट नाही," आणि त्या आणखीच हळहळायच्या. नवरा आत कॉफीच्या कपाला दोन्ही हात शेकत बसलेला. स्वयंपाकघरातला फ्रीज भरला, मग गॅरेजमधला फ्रीजर भरला, आणि मेणकागदाची ती लहानशी पुडी पार तळाला गेली.

ही बातमी आर्डिसच्या कानावर जाणारच होती. म्हातारीने धसका घेऊ नये म्हणून रोंडाने तिला आधीच फोन केला. "आई, लोक काहीही बोलतात. गेलनला अगदी काहीसुद्धा झालेलं नाही. खातोपितो व्यवस्थित. काल तर दोनदा घेतलं त्याने."

"दोनदा?" आर्डिसने विचारलं.

"दोनदा," रोंडा म्हणाली. वचन पाळल्याचं आणि आईला दिलासा दिल्याचं दुहेरी समाधान तिला झालं.

"बरं," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

सत्काराची संध्याकाळ आली. गेलनने आरशासमोर जाकिट चढवलं आणि एकेक बटण लावलं. सगळी लागली! पण आरशातला माणूस काही शाळेतल्यासारखा दिसेना. शरीराने सरपण कुठून काढायचं हे त्याला न विचारताच ठरवलं होतं. खांदे गेले होते, दंड गेले होते, मान बारीक झाली होती. पोट तेवढं थोडं ओसरून आपली जागा धरून होतं. जाकिट हँगरवर जास्त भरदार दिसायचं.

शाळेच्या व्यायामशाळेत गाव लोटलं होतं. एकेकाचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. गेलनची पाळी आली तेव्हा ध्वनिक्षेपकावरचा आवाज जरा थांबला. "आणि गेलन ब्राटलँड. आज तो आयुष्यातली सगळ्यात अवघड कुस्ती खेळतोय."

सगळं गाव उभं राहिलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. टाळ्या अशा, की राज्यात दुसरे आलो तेव्हाही पडल्या नव्हत्या. गेलनला वाटलं, ध्वनिक्षेपक घ्यावा आणि सांगावं की बाबांनो, मी निरोगी आहे, फक्त बावळट आहे. तो एक पाऊल पुढे गेला आणि दिव्यांभोवती काळी वर्तुळं फिरायला लागली. हार्लनने त्याला काखेतून धरलं.

"हात हलव, गड्या," हार्लन दातातल्या दातात म्हणाला. "नुसता हात हलव. बाकीचं मी बघतो."

गेलनने हात हलवला. पहिल्या रांगेतली शार्लीन हुंदका देऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "चरबी जाळलीत, ठीक. पण सोबत दंडसुद्धा जाळलेत. आता एकदम ताटावर तुटून पडू नका, पोटाला सवय राहिलेली नसते. आधी सूप, मग थोडं थोडं. आणि हात वापरत राहा. तुमचं वय तसं बरं आहे, येईल सगळं परत."

आलं. शरीराने मनात काही ठेवलं नाही. आधी सूप, मग ट्यूनावाली, मग कोंबडीवाली, आणि शेवटी गेलन जंगली तांदळाच्या हॉटडिशपर्यंत पोचला तेव्हा गालांवर रंग आला होता. मिळेल ते घेऊन शरीर आत मुकाट्याने भिंती बांधत होतं, खुर्च्यांना पाय बसवत होतं. थंडी गेली. दंड भरले. पोट तर सगळ्यांच्या आधी पूर्ववत झालं. जाकिटाच्या दोन बाजू पुन्हा एकमेकींना दुरावल्या. चर्चमध्ये त्याचं नाव आजाऱ्यांतून काढून आभाराच्या प्रार्थनेत घातलं गेलं. शार्लीनने पहिल्या कारणाने नाव काढल्याचं त्याला स्वतः येऊन सांगितलं. लोक त्याला बघून 'चमत्कार' म्हणायचे, आणि गेलन बुटांकडे बघायचा.

ईस्टरला सगळे आर्डिसकडे जेवायला जमले. हॅम होतं, बटाटे होते, आणि टेबलाच्या मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत दुकानातल्या लेफ्से होत्या. एकसारख्या, जाड, वर किमतीची चिठ्ठी.

गेलन बघतच राहिला. "आई, हे काय?"

"दुकानातली बरी असते," आर्डिस म्हणाली. "रोजची चव तीच. कुणाला तोंडदेखलं खावं लागत नाही."

घरी परतताना गाडीत रोंडाने पट्टा लावला. मग म्हणाली, "तू तिला तीनदा नको म्हटलंस."

"कधी?"

"डिसेंबरात. पहिलीच्या वेळी. आज भांडी पुसताना सांगितलं तिने. त्यानंतर तिने एकही लाटली नाही, गेलन. तुला वाटलं असेल ती थकली. मलाही तेच वाटलं. तिला वाटलं हात बिघडला आणि तू भला म्हणून बोलला नाहीस." तिचा आवाज चिरकला. "आणि मी मूर्खासारखं सांगितलं, घरी दोनदा घेतो म्हणून."

गेलनने गाडी कडेला घेतली. 

दुसऱ्या सकाळी तो शार्लीनकडे गेला, कारण आर्डिसने तवा आणि पट्टी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकली होती, आणि अशी विक्री शार्लीनच्याच हातून होते. तवा मिनियापोलिसहून आलेल्या एका जोडप्याने नेला होता. तळ्याकाठी त्यांचं उन्हाळ्याचं घर आहे. गेलन तिथे गेला. तवा भिंतीवर होता. त्याच्या मधोमध भोक पाडून घड्याळ बसवलं होतं. "सुंदर आहे ना?" त्या बाई म्हणाल्या. गेलन म्हणाला, "वेगळं आहे."

मे महिन्यात परत करायची भांडी शोधताना त्याने गॅरेजमधला फ्रीजर रिकामा केला. तळाशी, बर्फात रुतलेली, मेणकागदाची पुडी निघाली. तो तिथेच उलट्या बादलीवर बसला. पुडी हातात किती वेळ धरली कुणास ठाऊक, बोटं बधीर झाली.

आर्डिस खिडकीशी खुर्चीत बसली होती. गेलनने तिच्याच स्वयंपाकघरात लेफ्से गरम केली, लोणी लावलं, साखर भुरभुरवली, गुंडाळी केली आणि ताटली तिच्यापुढे धरली.

"नको रे."

"एकच, आई."

"आत्ताच कॉफी झाली माझी."

"घ्या ना."

"बरं, अर्धी." तिने अर्धी तोडली, उलगडली, उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला. मग खाल्ली. "वाईट नाही," ती सावकाश म्हणाली. "जरा वाळलीय. पण लाटणारीचा हात चांगला आहे. कुणाची?"

"तुमची."

आर्डिसने उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

"डिसेंबरातली. तुम्ही बांधून दिलीत ती."

"मग तेव्हा का नाही खाल्लीस?"

गेलनला सगळं पाठ होतं. रक्तातली साखर, यकृतातली ठेव, चरबीची पाळी. त्यातलं काही तोंडातून निघेना. "जाकिटासाठी," तो म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं, हार्लनच्या खोपटीपासून टाळ्यांपर्यंत. 

"बसलं का जाकिट?"

"बसलं. एक संध्याकाळ."

"आणि भूक नव्हती तुला? त्या दिवशी?"

"होती, आई. आयुष्यात कधी लागली नव्हती एवढी. म्हणून तर तोंड फिरवलं."

"आणि मला वाटलं..." आर्डिस म्हणाली आणि वाक्य तसंच सोडलं.

"माझं चुकलं," गेलन म्हणाला. हेगडालमध्ये हे शब्द सहसा मोठ्याने म्हणत नाहीत. "मी नवा तवा आणतो. आजच आणतो. पीठ मी मळतो, तुम्ही फक्त लाटा."

आर्डिसने उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबून थरथरायला लागला. तिने तो परत मांडीवर ठेवला. "हिवाळाभर लाटायचे तोवर चालत होता. बसवला आणि गेला. डॉक्टरीण म्हणते, जे वापरत नाही ते शरीर मोडून खातं."

"माझं परत आलं ना, आई. सगळं परत आलं. तुमचंही..."

"तू अठ्ठावन्नचा आहेस, गेलन," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तिने ताटली त्याच्याकडे सरकवली. "घे."

गेलनने घेतली. पहिल्याच वेळी, एकदाही 'नको' न म्हणता. तिच्या घरात असा गावंढळपणा आजवर कुणी केला नसेल. फ्रीजरचा वास लागला होता, कड चिवट झाली होती, आणि त्या सगळ्याखाली ती चव होती, जिच्यासाठी त्या दिवशी त्याने दाराची चौकट धरली होती. आर्डिस सवयीने त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"वाईट नाही," तो म्हणाला.

दर वर्षी या शब्दावर ती लाटणं उचलायची. आर्डिसने मान हलवली, आणि हात मांडीवर तसाच राहू दिला.